प्रेशर ठीक आहे, पण रक्त किती फिरतंय?

इंदूरला बायपास किंवा व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालं की पहिली रात्र नातेवाईक आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर काढतात. देवासचे असले तर निम्मे घरी जाऊन सकाळी परत येतात. धार, कुक्षी, मनावरकडचे तिथेच चादर अंथरतात. दार उघडून कुणी बाहेर आलं की प्रश्न ठरलेला: प्रेशर किती? "एकशे दहा-सत्तर" असं उत्तर मिळालं की लगेच घरी फोन जातो, "काका, प्रेशर एकदम नॉर्मल आहे, आता काळजी नको."

प्रेशर विचारणं चूक नाही, पण तेवढंच विचारून थांबू नये. ऑपरेशननंतर डॉक्टरांना खरी चिंता असते ती हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतंय याची. प्रेशर चांगलं दिसत असताना हा प्रवाह कमी असू शकतो. विहिरीवरची मोटर चालू ठेवून पाइपाचा वॉल्व्ह अर्धा बंद केला तर पाइपातला दाब वाढतो, पण शेताच्या टोकाला पाणी पोचत नाही. शरीरातही तसंच होतं. हृदय कमजोर पडलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, शिवाय नॉरअॅड्रेनलिनसारखं औषध चालू असतं, तेही त्या आवळतं. मॉनिटरवर एकशे दहा दिसतं, पण मूत्रपिंडाला आणि आतड्यांना रक्त कमी पडत असतं.

या प्रवाहाला डॉक्टर कार्डियाक आउटपुट म्हणतात. हिशेब साधा आहे. हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलीलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला 70 ठोके धरले तर झाले सुमारे 5 लिटर. पण सडपातळ आजीला आणि धिप्पाड मामांना सारखंच रक्त लागत नाही, म्हणून हा आकडा शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरने भागतात. भागून येतो तो कार्डियाक इंडेक्स. तो साधारण 2.5 ते 4 असावा, 2.2 च्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात. समजा दोघांचंही आउटपुट साडेतीन लिटर आहे. दीड मीटर उंचीच्या, 45 किलोच्या बाईंचा इंडेक्स अडीचच्या आसपास येईल, म्हणजे ठीक. 175 सेंटिमीटर उंच आणि 85 किलो वजनाच्या गृहस्थांचा मात्र पावणेदोनच्या जवळ येईल, आणि तो धोक्याचा. म्हणून शेजारच्या कॉटवरच्या पेशंटशी आपल्या माणसाचे आकडे ताडून बघू नयेत. आयसीयूबाहेर हा उद्योग फार चालतो.

आणखी एक आकडा घरोघर पाठ असतो, इकोच्या रिपोर्टातला ईएफ. "त्यांचं हार्ट पस्तीस टक्केच चालतंय" असं आपण सहज बोलून जातो. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर पडलं, एवढंच. फुगलेल्या हृदयात 200 मिली रक्त भरलं आणि त्यातलं 35 टक्के बाहेर पडलं, तर ते झालं 70 मिली. लहान, कडक झालेल्या हृदयात 90 मिलीच भरलं आणि 60 टक्के बाहेर पडलं, तर ते 54 मिली. टक्केवारी दुसऱ्याची सरस आणि रक्त जास्त पहिल्याचं. कमी ईएफ ही काळजीची गोष्ट आहेच, पण त्यावरून आज रात्री अवयवांना रक्त पुरतंय की नाही हे कळत नाही.

मग हे मोजतात कसं? अनेक वर्षं यासाठी स्वान-गँझ कॅथेटर वापरला जातो. मानेच्या शिरेतून एक लांब नळी उजव्या हृदयातून पुढे फुप्फुसाच्या धमनीत नेतात, तिच्यातून थंड सलाइन सोडतात आणि पुढे रक्त किती गार झालं यावरून प्रवाह काढतात. नळीच्या टोकाशी छोटा फुगा असतो, तो रक्ताच्या ओघाबरोबर स्वतःच पुढे सरकतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या बघताना डॉ. जेरेमी स्वान यांना ही युक्ती सुचली आणि 1970 मध्ये ती प्रसिद्ध झाली. आजही नवी यंत्रं तपासताना तुलना बहुतेक याच पद्धतीशी होते. पण नळी हृदयातून जाते म्हटल्यावर ठोके बिघडणं, जंतुसंसर्ग, क्वचित धमनीला इजा हे धोके आलेच. प्रत्येक पेशंटला ती घातल्याने जीव वाचतात असं काही मोठ्या अभ्यासांत दिसलं नाही. त्यामुळे आता गुंतागुंतीच्या केसेससाठी ती राखून ठेवण्याकडे कल आहे, आणि हृदयात नळी न घालता प्रवाह मोजण्याच्या पद्धतींना मागणी आली आहे.

यातली एक पद्धत मराठी वाचकांच्या ओळखीच्या मुलखात रुजली. छातीतून अतिशय सौम्य, जाणवणारही नाही असा विद्युतप्रवाह सोडायचा. रक्त विजेचं चांगलं वाहक असल्याने महाधमनीत रक्ताची लाट आली की छातीचा विद्युतरोध किंचित उतरतो. तो चढउतार मोजून एका ठोक्याचं रक्त काढायचं. अमेरिकेत कुबिसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये अंतराळवीरांच्या तपासणीसाठी ही रीत बसवली. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभियंत्यांनी त्यावर स्वतःची उपकरणं बांधली आणि रुग्णालयांतल्या डॉक्टरांबरोबर ती वापरून पाहिली. केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये 1990 साली या विषयावर निबंध आले, त्यांवर जी. डी. जिंदल आणि जी. बी. परुळकर ही नावं आहेत. त्या उपकरणांचा भर हातापायांच्या धमन्यांतले अडथळे शोधण्यावर जास्त होता, पण तत्त्व हेच. पुढे याच तत्त्वावरचं निकोमॉन हे यंत्र म्हैसूरला एल अँड टीने तयार केलं. बायपासनंतरच्या पेशंटांवर या विद्युतरोधाच्या मोजणीची थंड सलाइनच्या पद्धतीशी दिल्लीत केलेली तुलना 2011 मध्ये 'अॅनल्स ऑफ कार्डियाक अॅनेस्थेशिया' या भारतीय नियतकालिकात छापून आली आणि तिचा निष्कर्ष अनुकूल होता. आपल्या माणसाच्या मानेवर आणि बरगड्यांच्या बाजूला ईसीजीच्या चकत्यांखेरीज आणखी चकत्या दिसल्या, तर बहुधा असंच काहीतरी चालू आहे असं समजावं.

दुसरी पद्धत बोटाची. बोटाभोवती छोटा कफ बसतो आणि नाडीच्या प्रत्येक लाटेबरोबर क्षणोक्षणी आवळत-सैल होत राहतो. झेक शास्त्रज्ञ यान पेन्याझ यांची ही 1973 ची कल्पना. लाटेच्या आकारावरून संगणक आउटपुटचा अंदाज काढतो. बोट उबदार असलं की काम बरं होतं. पण ऑपरेशन थिएटरमधून गारठून आलेल्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधावर असलेल्या पेशंटचं बोट बर्फासारखं असतं, आणि नेमकं त्याच वेळी आकडा हवा असतो.

तिसरी पद्धत इको. छातीवर प्रोब ठेवून, डाव्या कप्प्यातून महाधमनीत जाणाऱ्या रक्ताचा वेग डॉपलरने मोजतात. एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ साधारण 18 ते 22 सेंटिमीटर पुढे सरकतो. बाहेर पडायच्या वाटेचा व्यास 2 सेंटिमीटर धरला तर एका ठोक्याचं रक्त साठच्या थोडं वर येतं. माझ्या मते जिल्ह्याच्या ठिकाणच्या पेशंटसाठी सगळ्यांत उपयोगी साधन हेच. इकोने नुसता आकडा मिळत नाही, तर आकडा कमी का आहे तेही दिसतं: हृदयाभोवती रक्त साठलंय, उजवी बाजू थकलीय, नवा व्हॉल्व्ह गळतोय की हृदय रिकामंच आहे. अडचण एवढीच की ताज्या ऑपरेशननंतर छातीवर पट्ट्या असतात, नळ्या असतात, व्हेंटिलेटरने फुगलेलं फुप्फुस मध्ये येतं, आणि चित्र नीट मिळत नाही. मग अन्ननलिकेतून प्रोब घालून इको करतात. त्यात त्वचेला छेद नसला तरी पेशंट गुंगीत असावा लागतो.

आता एक स्पष्टच सांगायला हवं. "भोक न पाडता होतं ना, मग तेच करा" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. हृदयाच्या ऑपरेशननंतर मनगटाच्या धमनीतली लाइन आणि मानेतली सेंट्रल लाइन असतेच. औषधं देण्यासाठी, दर काही तासांनी रक्त तपासण्यासाठी त्या लागतात. बिनसुईच्या यंत्राने त्या टळत नाहीत. शिवाय या यंत्रांची अचूकता मर्यादित आहे. नवी पद्धत जुन्या पद्धतीशी 30 टक्क्यांच्या आत जुळली तर ती स्वीकारावी, असा निकष 1999 पासून वापरात आहे. 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा विद्युतरोधासह अशा बहुतेक पद्धतींचा फरक 40 टक्क्यांच्या वर निघाला. ठोके अनियमित झाले, छातीत पाणी असलं, पेसमेकरच्या तारा चालू असल्या की चूक वाढते. बायपासनंतर दर चार-पाच पेशंटांमागे निदान एकाला, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे ठोके वेडेवाकडे पडतात. त्या वेळी यंत्राच्या आकड्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

मग ही यंत्रं हवीत कशाला? कल पाहायला. 4.1 हा आकडा खरा 3.6 असेल किंवा 4.6 असेल, पण त्याच पेशंटवर, त्याच चकत्यांसह, दोन तासांत तो 4.1 वरून 3.2 वर आला तर काहीतरी घडलंय. सलाइन द्यावं की नाही हे ठरवायलाही त्याचा उपयोग होतो. पेशंटचं धड आडवं करून पाय 45 अंशांनी वर उचलले की पायांतलं सुमारे 300 मिली रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात आउटपुट 10 टक्क्यांनी किंवा जास्त वाढलं तर पाणी देऊन फायदा होईल. नाही वाढलं तर ते पाणी फुप्फुसात साठण्याचीच भीती जास्त. हृदयाच्या पेशंटमध्ये ही परीक्षा फार मोलाची आहे, कारण दिलेलं पाणी परत काढायला जड जातं, आणि पाय खाली ठेवले की परीक्षेपुरतं वर आलेलं रक्त मात्र आपोआप परत जातं.

आयसीयूबाहेर बसलेल्यांनी नेमकं विचारायचं काय? पहिली गोष्ट, वेळ लक्षात ठेवा. हार्ट-लंग मशीनवरून उतरल्यावर हृदय लगेच पूर्ण ताकदीने चालत नाही. साधारण चार ते सहा तासांनी ते सगळ्यांत मंदावतं आणि चोवीस तासांत बहुतेकांचं सावरतं. दुपारी दोनला ऑपरेशन संपलं असेल तर संध्याकाळी सहा ते आठच्या सुमारास "औषध थोडं वाढवावं लागलं" हे ऐकून हातपाय गाळू नयेत. सकाळी मात्र विचारावं: रात्रीपेक्षा औषधं कमी झाली की वाढली? अॅड्रेनलिन, डोब्युटामिन, मिल्रिनोन या हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधांची मात्रा उतरत असताना प्रेशर टिकतंय, हे एकशे दहा या आकड्यापेक्षा पुष्कळ चांगलं लक्षण आहे. दुसरा प्रश्न लघवीचा. तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला 30 मिली, ही ढोबळ खालची मर्यादा. लघवी होतेय म्हणजे मूत्रपिंडाला रक्त पोचतंय. मात्र लघवी वाढवायचं इंजेक्शन दिलंय का, तेही त्यासोबत विचारावं. तिसरा प्रश्न लॅक्टेटचा. पेशींना ऑक्सिजन पुरत नसला की रक्तात लॅक्टेट साठतं. 2 च्या आत असलं तर उत्तम. 4 वरून 2.5 वर आलं तरी चाल बरोबर आहे. उलट 2 चं 4 झालं तर प्रेशर काहीही असो, डॉक्टर धावपळ करतीलच. तुम्ही तोवर त्यांना अडवून ठेवू नका.

आत पाच मिनिटं सोडलं तर डोळ्यांनी आणि हाताने बघता येईल असंही काही असतं. हात स्वच्छ धुवून पायाचा अंगठा आणि गुडघा हलकेच चाचपून पाहा. अंगठा उबदार असेल, नखाचा रंग दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत परत येत असेल, तर रक्त टोकापर्यंत जातंय. पाय गार, घामट, गुडघ्यांवर जांभळट जाळी असेल तर नर्सला सांगा. नाव घेऊन हाक मारली की डोळे उघडतात का, बोलण्यात गोंधळ आहे का, हेही पाहा. कोणत्याही यंत्राआधी डॉक्टर हेच बघत आले आणि आजही बघतात.

ऑपरेशनच्या आधी सही करताना विचारण्याजोगी आणखी एक गोष्ट: इथे आउटपुट मोजायची सोय कोणती आहे आणि रात्री दोन वाजता इको करणारं कुणी असतं का? यंत्राच्या ब्रँडपेक्षा दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला जास्त वजन आहे. आयुष्मान कार्डावर ऑपरेशन होणार असेल, तर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या त्या योजनेत, ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये कोणत्या तपासण्या धरल्या आहेत आणि कशाचे पैसे वेगळे लागतील, हे रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडून आधीच समजून घ्यावं. म्हणजे मध्यरात्री बिलिंग काउंटरवर हुज्जत होत नाही.

आठवड्याभराने डिस्चार्ज मिळतो आणि पेशंट धारला, देवासला, किंवा थेट बागली-खातेगावला घरी येतो. इथून पुढे मॉनिटर नाही, पण घरातल्या वजनकाट्याकडे बरंचसं काम येतं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन घ्यावं आणि वहीत लिहावं. एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंच्या वर वाढलं तर ते अन्नाचं वजन नसतं, पाणी साठलेलं असतं. माळव्यात यामागचा गुन्हेगार बहुतेक वेळा ताटातच सापडतो. पोह्यांवर मूठभर सेव, दुपारी नमकीन, पापड, लोणचं. "डॉक्टरांनी तेल बंद केलंय, सेव थोडी चालते" अशी समजूत करून घेतात, आणि मीठ पाणी धरून ठेवतं. सहा-आठ आठवडे सेवेचा डबा वरच्या फळीवर ठेवावा. भेटायला येणाऱ्यांनी रतलामी सेवेची पाकिटं आणू नयेत, हेही त्यांना तोंडावर सांगावं.

वजनाच्या शेजारी प्रेशरचे दोन्ही आकडे आणि मिनिटभर मोजलेली नाडी लिहावी. दंडाला बांधायचं यंत्र घ्यावं, मनगटाचं नको. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. अनियमित ठोके त्यात लपतात. ठोके वेडेवाकडे असले तर प्रेशरचं यंत्रही दर वेळी वेगळं सांगतं, म्हणून तीनदा घेऊन सरासरी काढावी. प्रेशरच्या दोन आकड्यांतलं अंतरही बघावं. 120/76 मध्ये अंतर 44. पण 98/80 मध्ये फक्त 18, म्हणजे वरच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी. असं अंतर आकसलेलं असेल, सोबत हातपाय गार आणि चालायची ताकद नसेल, तर एका ठोक्याला रक्त कमी पडतंय अशी शंका घ्यावी. हे निदान नव्हे, फोन करण्याचं कारण आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ठेवायला हरकत नाही, पण नेलपॉलिश काढून आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हात चोळून गरम करून लावावं. मनगटावरची घड्याळं ठोके मोजतात. आउटपुट सांगत नाहीत, जाहिरातीत काहीही म्हटलेलं असो.

व्हॉल्व्ह बदललेल्या आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या पेशंटांबाबत जरा जास्त जागरूक राहावं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हृदयाभोवती हळूहळू रक्त साठून त्यावर दाब येऊ शकतो. सुरुवात फार साधी असते: भूक गेली, आडवं झालं की दम लागतो, काल अंगणात पाच फेऱ्या मारणारा माणूस आज बाथरूमपर्यंत जाताना थांबतो, लघवी कमी झाली. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, मोसंबीचा रस द्या. अशा वेळी इको हवा, तोही त्याच दिवशी. आपल्या गावाजवळ इको कुठे होतो, रविवारी होतो का, कुणाचा नंबर, हे डिस्चार्जच्या आठवड्यातच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिथेच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा नंबर, व्हॉल्व्हच्या इम्प्लांट कार्डाची झेरॉक्स, शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) आणि गोळ्यांची यादी. देवासहून इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठच्या पुढे. कुक्षीकडच्यांसाठी वाट अडीच-तीन तासांची. श्वास लागलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीत मागे झोपवून नेऊ नका. 108 बोलवा, ऑक्सिजन आहे का विचारा, आणि त्याला बसत्या अवस्थेत न्या.

पहिल्या तपासणीला जाताना ती वही बरोबर असू द्या. डॉक्टरांना "बरं वाटतंय" एवढंच सांगू नका. गेल्या महिन्यातली वजनं आणि न थांबता किती मिनिटं चालता येतं ते दाखवा. इकोच्या रिपोर्टात फक्त ईएफ लिहिला असेल तर एका ठोक्याचं रक्त किंवा डॉपलरने मोजलेल्या रक्ताच्या स्तंभाची लांबी लिहून द्याल का, असं विचारा. इको करणाऱ्याला त्यासाठी दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, आणि तीन महिन्यांनी पुढच्या इकोशी ताडून बघायला काहीतरी हाताशी राहतं.